समोरासमोरची विद्या

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस लिहून दिला. त्या वेळीं पोर्तुगालच्या गादीवर तिसरा जॉन राज्य करीत होता. त्यानें वसई कधीं पाहिली नाहीं. तथापि वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, आज जेथें मीरा-भाईंदर हें शहर पसरलें आहे, तेथील जुन्या गांवांतून हिंडूं लागलें म्हणजे चर्चच्या घंटा, लोकांचीं आडनांवें आणि लग्नांत वाजणारीं वाद्यें यांचा माग काढीत काढीत त्या राजाच्या कारकीर्दीपाशीं येऊन थांबावें लागतें. त्याच राजास दोन वर्षांनीं, म्हणजे १५३६ सालीं, एक पुस्तक अर्पण करण्यांत आलें. स्पेनमधील वालेन्सिया येथें लुईस मिलान नांवाच्या दरबारी वादकानें तें प्रसिद्ध केलें. त्याचें नांव 'एल माएस्त्रो', म्हणजे आपल्या भाषेंत 'गुरुजी' अथवा 'उस्ताद'.

या दोन गोष्टींचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध कांहीं नाहीं, आणि तो ओढूनताणून जोडण्याचा मोह इतिहासाच्या अध्यापकानें टाळावा हें बरें. पण एकाच राजाच्या पदरीं एकीकडून आमची खाडी पडावी आणि दुसरीकडून हें पुस्तक पडावें, हा योगायोग भाईंदरला राहणाऱ्या माणसास विसरतां येत नाहीं. मिलानचें वाद्य तें व्हिउएला. आकारानें गिटारसारखें, तारांच्या सहा जोड्यांचें, बोटांनीं छेडावयाचें. तिला गिटारची थोरली बहीण म्हटलें तरी चालेल. ज्यानें हें वाद्य कधीं हातांत धरलें नाहीं अशा शिष्यास एखादा शिक्षक जसा क्रमाक्रमानें पुढें नेईल तसें हें पुस्तक नेईल, असें मिलान आरंभींच बजावतो. आधीं सोपें, मग अवघड. शिवाय प्रत्येक रचना जलद वाजवावी कीं संथ, हेंही तो शब्दांत सांगतो. छापील संगीतांत अशी सूचना देणाऱ्या पहिल्या पुस्तकांत याची गणना होते. शेजारीं बसलेला गुरु 'जरा सावकाश' म्हणतो तें कागदावर कसें उतरवावें, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पुस्तकानें स्वतःस 'गुरुजी' म्हणवून घ्यावें यांतच एक कबुली आहे, ती ही कीं ही विद्या मुळांत पुस्तकाची नव्हे, समोरासमोर बसून घेण्याची आहे.

मी या विषयाकडे वळलों तो संगीतज्ञ म्हणून नव्हे, बाप म्हणून. माझी मुलगी अकरा वर्षांची असतां तिनें गिटार शिकण्याचा हट्ट धरला. घराजवळच एक वर्ग चालत असे. एका खोलींत बारा मुलें ओळीनें बसत, बाराही जणांच्या मांडीवर एकाच मापाची मोठी गिटार असे, आणि वर्षअखेरच्या परीक्षेस नेमलेल्या तीन रचना बाराही जण वर्षभर घोटीत. आठव्या महिन्यांत आमची गिटार कपाटावर चढली. मुलीस संगीताची आवड नाहीं असा निकाल मी देऊन टाकला. पुढें एका स्नेह्यानें उत्तनकडच्या एका तरुण शिक्षकाचें नांव सुचविलें. तो घरीं येऊन एकेकट्यास शिकवी. पहिल्या दिवशीं त्यानें कांहींच शिकविलें नाहीं. मुलगी घरांत कोणतीं गाणीं गुणगुणते तें विचारलें. तिचा पंजा स्वतःच्या पंजाशीं लावून पाहिला. ही गिटार परत करून पाऊण मापाची आणा असें सांगितलें. आणि आमच्या स्वयंपाकघरांतला एक पाट मागवून तो तिच्या डाव्या पायाखालीं सरकविला. एका तासाच्या शिकवणीचे पैसे घेऊन तो निघून गेला तेव्हां, खरें सांगावयाचें तर, मला राग आला. मी स्वतः अठ्ठावीस वर्षें शंभर-सवाशें मुलांपुढें उभें राहून शिकवीत आलों आहें. तेथें कोणाचा पंजा केवढा आहे हें मी कधीं पाहिलें नव्हतें.

हा राग शमविण्यासाठींच मी पुस्तकें चाळूं लागलों.

आमच्या किनाऱ्यावर पाश्चात्य संगीत आलें तें एकेकट्याच्या शिकवणींतून मुळींच आलें नाहीं. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यांतील चर्चांना जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास, गावयास आणि पुढें व्हायोलिन वाजवावयास शिकवूं लागले. वसई प्रांतांतही मिशनरी पंथांचे मठ व विद्यालयें होतीं. या शिक्षणाचा हेतु प्रार्थनेस गायक मिळावे हा होता, आणि म्हणून तें सामुदायिक होतें. सर्वांनीं एक स्वर एका वेळीं लावावा हीच त्यांतील सिद्धि. त्याचा दुसरा गुण असा कीं गरिबाच्या मुलालाही तें मिळे. गोव्यांतील कित्येक पिढ्यांचे वादक याच शाळांनीं घडविले, आणि मुंबईच्या बोलपटांतील वाद्यवृंद पुढें त्यांच्याच जिवावर उभे राहिले. गिटारला या व्यवस्थेंत मानाची जागा नव्हती. तिचा आवाज लहान. चर्चच्या उंच छताखालीं तो विरून जाई. ती घरच्या ओसरीवरची, मित्रमंडळींतली राहिली.

१७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत वसई पडली. त्याच वर्षीं भाईंदरच्या पश्चिमेस, चौक गांवाजवळचा धारावीचा किल्लाही मराठ्यांनीं घेतला. (मुंबईंतल्या धारावीशीं याचा घोटाळा करूं नये.) वसईच्या तहांत एक कलम असें होतें कीं पोर्तुगीज शिबंदीनें शस्त्रांसह, निशाणें फडकावीत आणि नगारे वाजवीत बाहेर पडावें. तशी ती पडली. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांच्या हातीं लागल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतली आणि वांईजवळ मेणवलीची, या दोन घंटा आजही लोक कौतुकानें पाहावयास जातात. नगारे गेले, घंटा देवळांत गेल्या. मागें उरले ते उत्तन, गोराई, मनोरीचे कोळी व शेतकरी ख्रिस्ती, त्यांची मराठी बोली आणि त्यांचीं गाणीं. त्यांच्या लग्नांत घुमट वाजे व पुढें बँडही वाजूं लागला. हें सारें ऐकून आणि बरोबर बसून शिकलेलें होतें. त्यास ना पुस्तक होतें ना परीक्षा.

इकडे हें चाललें असतां युरोपांत गिटारच्या शिक्षणानें निराळेंच वळण घेतलें. ती कथा मला सर्वांत मनोरंजक वाटते ती फर्नांडो सोर याच्या आयुष्यांत. सोर बार्सिलोनाचा, जन्म १७७८. फ्रेंचांच्या बाजूस राहिल्यामुळें १८१३ सालीं त्यास देश सोडावा लागला. पॅरिस, लंडन, मॉस्को असा फिरत तो अखेर पुनः पॅरिसला स्थायिक झाला व तेथेंच १८३९ सालीं वारला. पोटासाठीं तो शिकवण्या करी. शिष्य बहुतेक सुखवस्तु घरचे, हौशी, आणि मनाविरुद्ध झालें कीं सोडून जाणारे. अशा शिष्यांसाठीं त्यानें जे अभ्यासपाठ लिहिले त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिले कठीण, त्यांनंतरचे त्याहून सोपे, आणि आयुष्याच्या शेवटीं लिहिलेला साठाव्या क्रमांकाचा संग्रह तर अगदीं नवख्याच्या पहिल्या स्वरापासून सुरू होतो. विद्वान मनुष्य वयाबरोबर गहन होत जातो असा आपला समज. हा गृहस्थ वयाबरोबर सोपा होत गेला. त्याचीं नांवेंही मोठीं गमतीचीं आहेत. एका लहानशा पुस्तकाचें नांव 'पाहूं या, हेंच का तें?' असें ठेवून त्यानें तें ज्याच्या अंगीं सर्वांत कमी धीर असेल त्यास अर्पण केलें. त्यानंतरच्या एकाचें नांव 'हें ठीक आहे ना?' आणि पुढें एकाचें 'आतां कसें!' या नांवांत शिष्यांची कुरकुर ऐकूं येते, आणि तिजपुढें नमतें घेणाऱ्या, परंतु आपलें पाणी न सोडणाऱ्या शिक्षकाचें हंसूंही.

१८३० सालीं सोरनें आपला पद्धतिग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तो 'मी म्हणतों म्हणून करा' असें म्हणत नाहीं. हात असा कां धरावा याचीं कारणें देतो, आणि परंपरेपेक्षां विचारास मोठें मानतो. सोर बोटांच्या अग्रांनीं वाजवी, नखें लावीत नसे. त्याचा स्नेही दिओनिसिओ आग्वादो नखांनीं वाजवी. हा वाद त्या काळीं आपल्याकडील घराण्यांच्या वादाइतका तापला असता. पण या दोघांनीं पॅरिसमध्यें शेजारधर्म पाळला, आणि सोरनें दोघांनीं मिळून वाजविण्याची एक रचना लिहून तिला 'दोन मित्र' असें नांव दिलें. आग्वादोनें गिटार अंगाला न टेकतां उभी राहावी म्हणून एक तिपाई काढली होती. आमच्या घरच्या पाटाचा तो पूर्वजच म्हणावयाचा. याउलट व्हिएन्नामध्यें माउरो जुलियानी यानें १८१२ सालीं उजव्या हाताचे १२० वळणांचे व्यायाम छापले. डावा हात दोनच स्वरसंघांवर ठेवावयाचा आणि उजवा फिरवीत राहावयाचा. तालीमखान्यांतील जोरबैठकाच त्या! त्यांचा उपयोग आहे, नाहीं असें नाहीं. पण त्यांत शिष्याचा चेहरा कोठें दिसत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हल्लीं ज्यास मोठ्या अभिमानानें विद्यार्थिकेंद्रित शिक्षण म्हणतात, त्याचा उगम गिटारच्या बाबतींत तरी शिक्षणशास्त्राच्या उदात्त विचारांत नाहीं. शिक्षक शिष्याच्या घरीं जाई, शिष्याच्या पैशावर जगे, म्हणून त्यास शिष्याच्या कलानें घ्यावें लागे. आपल्याकडे नेमकें उलट होतें. शिष्यानें गुरूच्या भोंवतीं फिरावयाचें. केसरबाई केरकरांनीं १९२१ सालीं अल्लादिया खांसाहेबांचा गंडा बांधला आणि पुढें वर्षानुवर्षें त्यांची कडक तालीम सोसली. तीही समोरासमोरचीच विद्या. पण तेथें शिष्यास काय आवडतें हा प्रश्न विचारण्याचें धाडस कोणी केलें नसतें. गळा गुरूच्या विद्येस जुळवावयाचा, विद्या गळ्यास नव्हे. आणि तरीही त्या तालमींतून केसरबाई निघाल्या, हें विसरून कसें चालेल? मी येथें एकाच बाजूची वकिली करूं इच्छीत नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, १९०८ सालीं तें मुंबईस आणलें, आणि वर्गांत बसवून, पुस्तकें देऊन गाणें शिकविलें, तेव्हां त्यांना हंसणारे कमी नव्हते. पण त्या वर्गांनींच गाणें मध्यम वर्गाच्या घरांत आणलें. घरीं येणारा पेटीमास्तरही त्याच काळचा. मुलीच्या लग्नाच्या जाहिरातींत 'गाणें येतें' एवढें लिहितां यावें, यापलीकडे त्याच्याकडून बहुतेकांची अपेक्षा नसे. शिष्याच्या कलानें घेणाऱ्या शिकवणीचें तें एक केविलवाणें रूप.

गिटारचें आधुनिक शिक्षण सुरू होतें तें फ्रान्सिस्को टारेगा (१८५२–१९०९) याच्यापासून. त्यानें पद्धतिग्रंथ लिहिलाच नाहीं. बार्सिलोनांत तो शिष्यांना एकेकटें बसवी आणि लहान लहान रचना लिही. एमिलिओ पुजोल हा त्याचा शिष्य; गुरूची पद्धति सुसंगत ग्रंथांत मांडण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें आणि पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध केला. ज्यानें लिहिलें नाहीं त्याची पद्धति शिष्यानें लिहावी, हें आपणांस परिचयाचें आहे. पण लिहितांना त्या खोलींतला संवाद गळून पडतो आणि सिद्धान्त तेवढे उरतात, हाही अनुभव परिचयाचा.

मग आंद्रेस सेगोव्हिया. गिटारला मोठ्या सभागृहांत नेऊन बसविण्याचें श्रेय त्याचें, आणि तें कोणी हिरावून घेऊं नये. आपण स्वतःच स्वतःचे गुरु व शिष्य होतों, असें तो सांगे. सोरच्या अभ्यासपाठांपैकीं वीस निवडून त्यानें १९४५ सालीं छापले व त्यांवर आपलीं बोटें, म्हणजे कोणता स्वर कोणत्या बोटानें घ्यावा त्याचे आंकडे, घातलीं. जगभरचे विद्यार्थी तीं वेदवाक्यें मानून शिकले. १९८६ सालीं, त्र्याण्णवाव्या वर्षीं, लॉस एंजेलिसमध्यें एका तरुणानें त्याच्यापुढें बोटांचा निराळा क्रम वाजविला तेव्हां त्या वृद्धानें त्यास भर सभेंत फैलावर घेतलें. त्याचें चित्रण उपलब्ध आहे. मीं तें दोनदां पाहिलें. पहिल्यानें तरुणाची कींव आली, दुसऱ्यानें म्हाताऱ्याची. जो सोर शिष्यांसाठीं सोपा होत गेला त्याचेच पाठ असे दगडांत कोरले जावेत!

याच सुमारास अमेरिकेंत ॲरन शीअरर नांवाचा शिक्षक होता. हाताच्या दुखण्यामुळें त्याचें मैफलीचें आयुष्य झालें नाहीं. आपला हात कां बिघडला याचा शोध घेतां घेतां तो स्नायूंच्या स्वाभाविक चलनाकडे वळला, आणि १९५९ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकांनीं प्रत्येक शरीर निराळें आहे ही गोष्ट शिक्षकांच्या गळीं उतरविली. मान्युएल बार्रुएको त्याच्या हाताखालीं शिकला. कीर्ति शिष्यांची झाली, त्याची बेताचीच.

आपल्याकडे या वाद्याची दशा काय होती? १९५० नंतर दोन-तीन दशकें मराठी घरांत गिटार म्हटली म्हणजे ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनें वाजवावयाची हवाईयन गिटार. आकाशवाणीवर तिच्यावरून चित्रपटगीतें वाजत. स्पॅनिश धर्तीची, बोटांनीं वाजविण्याची गिटार दमट हवेंत नांदणें कठीणच होतें, कारण तिच्या तारा आंतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत अल्बर्ट ऑगस्टीन यानें नायलॉनच्या तारा केल्या. सेगोव्हियानें त्या स्वीकारल्या, आणि आमच्यासारख्या खाडीकांठच्या माणसांवर नकळत मोठे उपकार झाले. मुंबईंत समोरासमोरच्या शिकवणीची परंपरा व्हायोलिनवाल्यांनीं जिवंत ठेविली. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यापाशीं प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या बोलपटांतील एका गाण्यांत गुरूचें नांव आलें. संबंध हिंदुस्थानानें तें नांव उच्चारलें. तें एका शिक्षकाचें आहे हें फार थोड्यांस ठाऊक होतें.

आणि परीक्षा. लंडनचें ट्रिनिटी कॉलेज १८७२ सालचें. त्याच्या श्रेणीपरीक्षा आज आमच्या उपनगरांतील मुलेंही देतात. परीक्षेस मी वाईट म्हणत नाहीं. म्हणूं लागलों तर माझी भाकरी कशावर चालली हें कोणीतरी विचारील. दूरच्या गांवांतल्या शिक्षकासही तिच्यामुळें एक मोजमाप मिळतें. पण मोजण्यासाठीं काढलेली पट्टी हीच अभ्यासक्रम होऊन बसली म्हणजे बारा मुलें तीन रचना वर्षभर घोटीत बसतात.

मीरा-भाईंदरला १९८५ सालीं नगरपालिका आणि २००२ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत येथील वस्ती आठ लाखांवर गेलेली आढळली. मिठागरांशेजारीं उंच इमारती आल्या, आणि प्रत्येक इमारतींत कोणी ना कोणी कांहींतरी शिकूं पाहतो. आमच्या घरामागें स्टीलचीं भांडीं घासून चकचकीत करण्याचा एक कारखाना आहे. त्याचें यंत्र संध्याकाळीं सातला थांबतें, म्हणून शिकवणी सातनंतर असते. त्या शिक्षकाबद्दलचा माझा राग केव्हां मावळला तें सांगतां येणार नाहीं. बहुधा सोरच्या साठाव्या संग्रहांतल्या एका पाठावरील छापील बोटें त्यानें पेन्सिलीनें खोडून मुलीच्या हातास झेपतील अशीं दुसरीं घातलीं, त्या दिवशीं असावा. 'ही सेगोव्हियाचीं का?' असें मीं माहितगाराच्या ऐटींत विचारलें. तो म्हणाला, 'नाहीं सर, हिचीं.' महिन्यानें तींही खोडून त्यानें मूळचीं परत आणलीं, कारण आतां बोट पोंचूं लागलें होतें. मधल्या काळांत ती एकदांही रडली नाहीं. मात्र चुकली म्हणजे त्यानें तिला फुकट शाबासकीही दिली नाहीं.

माझ्याही वर्गांत त्यानंतर थोडा फरक झाला आहे. फार नाहीं; सवाशें मुलांचे पंजे मोजतां येत नाहींत. पण निबंध परत देतांना आतां एकेकास बोलावून पांच मिनिटें समोर बसवितों, आणि त्यापायीं अभ्यासक्रम दरवर्षीं थोडा मागें राहतो.

एक गोष्ट मात्र मला सोडवितां आलेली नाहीं. मिलानपासून सोरपर्यंत समोरासमोरची ही विद्या ज्यांना परवडली त्यांची राहिली. चर्चची शाळा आणि पलुसकरांचा वर्ग यांनीं कोळ्याच्या नि कारकुनाच्या मुलांस आंत घेतलें, पण पंजा न पाहतां. आमच्या मजल्यावर कारखान्यांतल्या एका कामगाराचें कुटुंब राहतें. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा शिकवणीच्या वेळीं आमच्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर येऊन बसतो. मीं त्याच्या आईस विचारलें. ती आधीं म्हणाली, 'त्याचा त्रास होतो का तुम्हांला?' मी नाहीं म्हटलें. मग तिनें शिकवणीचा आंकडा विचारला, ऐकून घेतला, आणि म्हणाली, 'बघूं, दिवाळीनंतर.' मी अर्धे पैसे देऊं केले तेव्हां तिनें विषय बदलला. शिक्षकाशीं बोललों. तो म्हणाला, दोघांना एकत्र बसवूं नका, दोघांचेंही नुकसान होईल. मी त्याच्यासाठीं वेगळी अर्धी घटका काढतों. अजून ती निघालेली नाहीं, कारण उत्तनहून येणारी शेवटची बस त्यास गांठावी लागते. पाऊण मापाची जुनी गिटार मुलीस आतां लहान होऊं लागली आहे. ती मीं विकलेली नाहीं.